प्राण्याची जबानी : श्वसनविषाणूंवरील प्रयोगांत उतरणाऱ्यांसाठी

‘इन्फ्लुएन्झावर काम सुरू करतो आहे, तेव्हा उंदीर किती मागवावेत?’ असा प्रश्न घेऊन एखादा उमेदवार संशोधक दारात उभा राहिला, म्हणजे त्याला बसावयास सांगून मी उलट विचारतो, की उंदराला नेमके काय विचारावयाचे आहे ते ठरले आहे काय? बहुतेक वेळा ते ठरलेले नसते. विषाणू हाती आलेला असतो, अनुदान मंजूर झालेले असते, शेजारच्या दालनात पिंजरे रिकामे असतात, आणि एवढ्या भांडवलावर प्रयोगाचा मसुदा तयार होतो. पुढे दोन वर्षांनी आकड्यांचे दफ्तर भरते, परंतु ते आकडे कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहेत हे मात्र कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. हा लेख अशा उमेदवारांसाठी आहे.

प्राण्याकडे साक्षीदार म्हणून पाहावे, ही माझी पहिली सूचना. साक्षीदार घटनेच्या वेळी कोठे उभा होता, त्याला किती दिसले आणि किती नुसतेच ऐकू आले, हे पाहूनच न्यायाधीश त्याच्या जबानीची किंमत ठरवतो. प्राण्याची किंमतही तशीच ठरवावी. उंदीर टी-पेशींविषयी तपशीलवार सांगेल, परंतु साथ एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते याविषयी त्याचे म्हणणे फारच तोकडे पडते, कारण इन्फ्लुएन्झा एका उंदराकडून दुसऱ्याकडे क्वचितच जातो. फेरेट त्याविषयी भरभरून बोलेल. पण त्याच्या रक्तातील कोणती पेशी कोणत्या जातीची, हे ओळखण्यास लागणारी रसायने बाजारात इतकी थोडी, की पुष्कळदा त्याची भाषा आपल्याला अर्धीच कळते.

फेरेटाचा इतिहास थोडा विस्ताराने सांगतो, कारण या विद्येचा आरंभच त्याच्यापासून झाला. १९१८ च्या महासाथीनंतरही इन्फ्लुएन्झाचे कारण फायफरचा जीवाणू होय, असे मानणारे पुष्कळ होते. १९३३ साली लंडनमध्ये साथ चालू असताना विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या त्रयीने रुग्णांच्या गुळण्यांचे पाणी जीवाणू गाळून फेरेटांच्या नाकांत सोडले. फेरेट हा पाणमांजराच्या कुळातला, आपल्या मुंगसाची आठवण करून देणारा, लांबट अंगाचा प्राणी. मिल हिल येथील प्रयोगशाळेत तो कुत्र्यांच्या डिस्टेंपरच्या संशोधनासाठी आधीपासूनच पाळलेला होता. म्हणजे निवडीत योगायोगाचाही वाटा होता, हे नमूद करणे भाग आहे. दोन दिवसांत फेरेटांना ताप आला, नाके वाहू लागली, आणि रोग विषाणूमुळे होतो हे ठरले. त्याहून आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की बरा झालेला फेरेट पुन्हा त्याच विषाणूने आजारी पडत नव्हता आणि त्याचा रक्तद्रव विषाणूला निकामी करीत होता. प्रतिकाराचा अभ्यास रोगाच्या शोधाबरोबरच सुरू झाला. पुढे १९३६ साली चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस यांच्या तोंडावर एक आजारी फेरेट शिंकला, थोड्याच काळात ते स्वतः अंथरुणाला खिळले, आणि त्यांच्या घशातून विषाणू परत मिळाला. प्राण्याकडून माणसाकडे अशी उलट रुजुवात घालण्याचा योग शास्त्राच्या इतिहासात विरळाच.

फेरेटाच्या श्वसनमार्गातील ज्या शर्करायुक्त रेणूंना विषाणू चिकटतो, त्यांची मांडणी माणसाशी बरीच जुळते. म्हणून माणसाचा विषाणू त्याला फारसा न बदलता लागतो. दरवर्षी लशीसाठी कोणते विषाणू घ्यावेत हे ठरवताना फेरेटांच्या रक्तद्रवाचा आधार आजही घेतला जातो. परंतु याच गुणाचा तोटाही होतो. सर्दी झालेला सेवक त्याच्या खोलीत शिरला, तर प्रयोग सुरू होण्याआधीच फेरेटाच्या अंगी प्रतिपिंडे तयार होतात. म्हणून प्राणी ताब्यात घेताना प्रत्येकाचा रक्तद्रव तपासावा, ज्याच्यात प्रतिपिंडे आढळतील तो परत पाठवावा, आणि ज्याचे नाक वाहते आहे त्या माणसाला, मग तो विभागप्रमुख का असेना, दाराबाहेरच थोपवावे. फेरेटाच्या रक्तद्रवात विषाणूला बांधणारी, पण प्रतिपिंडे नसलेली द्रव्येही असतात. चाचणीआधी रक्तद्रवावर विकराची प्रक्रिया रात्रभर करून, मग तो ५६ अंशांवर अर्धा तास न ठेवल्यास जे आकडे येतील, त्यांवर मान डोलावणारा परीक्षक भेटला तर ते दुर्दैवच समजावे.

आता उंदीर. सर्वांत स्वस्त, सर्वांत परिचित, आणि म्हणूनच सर्वांत अधिक गैरसमज पसरवणारा हा प्राणी आहे. माणसांत फिरणारे इन्फ्लुएन्झाचे बहुतेक विषाणू त्याला धड आजारी पाडीत नाहीत. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा पोर्तो रिको येथे १९३४ साली मिळालेला, उंदरांत आणि कोंबडीच्या अंड्यांत वारंवार फिरवून मुरवलेला विषाणू वापरतात. तो घेण्यास हरकत नाही, पण आपण माणसाच्या आजच्या विषाणूचा अभ्यास करीत नाही, एका मुरलेल्या प्रयोगशाळेच्या विषाणूचा करीत आहोत, हे पहिल्या पानावरच लिहून ठेवावे.

याहून खोल अडचण उंदराच्या स्वतःच्या अंगातील आहे. १९५७ साली अ‍ॅलिक आयझॅक्स यांच्याबरोबर, कोंबडीच्या गर्भाभोवतीच्या पडद्यावर प्रयोग करीत, इंटरफेरॉनचा शोध लावणारे जाँ लिंडेनमन यांना १९६२ मध्ये आढळले, की ए-टू-जी नावाच्या वंशाचे उंदीर इन्फ्लुएन्झाला दाद देत नाहीत. त्याचे कारण पुढे एका जनुकात सापडले. इंटरफेरॉनचा इशारा मिळताच विषाणूची वाढ रोखणारे प्रथिन या जनुकापासून बनते, आणि चमत्कारिक गोष्ट अशी, की प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे काळे सी-५७ आणि पांढरे बाल्ब-सी हे वंश धरून बहुतेक पाळीव वंशांत ते जनुक मोडलेले आहे. म्हणजे ज्या घराच्या दाराची कडीच निखळलेली आहे, त्या घरात चोर किती वेगाने शिरतो याची मोजदाद आपण करीत आलो. इंटरफेरॉनविषयी काही सिद्ध करावयाचे असेल, तर हे जनुक शाबूत असलेल्या उंदरांचा एक गट सोबत घ्यावा. वंशाच्या निवडीत आणखी एक खाचखळगा आहे : काळ्या वंशाचा कल पेशीप्रधान प्रतिकाराकडे, तर बाल्ब-सीचा प्रतिपिंडे आणि अ‍ॅलर्जीच्या वळणाच्या प्रतिकाराकडे झुकतो, तेव्हा लशीने प्रतिकाराचे कोणते वळण दिले, हा प्रश्न एकाच वंशाला विचारून समाधान मानू नये.

विषाणू देण्याची रीत क्षुल्लक वाटते, पण अर्धे प्रयोग तेथेच बिघडतात. भूल दिलेल्या उंदराच्या नाकपुडीत ५० मायक्रोलिटर द्रव हळूहळू सोडला तर तो फुप्फुसापर्यंत उतरतो. जाग्या उंदराला १० मायक्रोलिटर दिला तर संसर्ग नाकापुरताच राहतो. दोन्ही रीती योग्य आहेत, परंतु त्या दोन वेगळ्या आजारांच्या रीती आहेत. भूल कमी पडली, तर उंदीर द्रव गिळतो किंवा शिंकून बाहेर टाकतो, आणि त्याच गटातील दहा उंदरांना दहा निरनिराळ्या मात्रा मिळतात. दिलेल्या द्रवाचा उरलेला थेंब त्याच दिवशी तपासून खरी मात्रा किती गेली ते नोंदवावे. विषाणू अंड्यात वाढवला असेल, तर निरोगी गटाला नुसते मीठपाणी देऊन भागत नाही. संसर्ग न झालेल्या अंड्याचा द्रव द्यावा, म्हणजे अंड्यातील प्रथिनांमुळे उठलेली खळबळ विषाणूच्या खात्यावर जमा होणार नाही.

मध्यम मात्रेनंतर आजाराचा ओघ साधारण असा असतो : पहिल्या तीन दिवसांत इंटरफेरॉन आणि तातडीने धावून येणाऱ्या पेशींची गर्दी होते, विषाणूची संख्या याच सुमारास शिगेला पोहोचते, पाचव्या-सातव्या दिवसापासून टी-पेशी फुप्फुसात उतरू लागतात, आठव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास त्यांची भरती येते आणि विषाणू नाहीसा होतो, उंदराचे वजन मात्र विषाणू ओसरू लागल्यानंतरही काही दिवस घटतच राहते. म्हणून ‘आजार’ आणि ‘विषाणू’ ही दोन स्वतंत्र खाती ठेवावीत. केवळ तिसऱ्या दिवशी फुप्फुसे काढून टी-पेशींविषयी निष्कर्ष मांडणारा निबंध मी तपासलेला आहे, आणि त्यावर काय शेरा मारावा याचा विचार करण्यात माझी एक संपूर्ण संध्याकाळ गेली.

वजन रोज ठराविक वेळीच घ्यावे. उमेदवारीच्या काळात मी ही गोष्ट हलक्याने घेतली. कधी सकाळी, कधी दुपारी, सवड मिळेल तसे उंदीर तराजूवर चढवले, आणि आलेखात जे चढउतार दिसले त्यांचा विषाणूशी काडीचाही संबंध नसून, उंदीर रात्री खातात आणि दिवसा झोपतात एवढ्याच गोष्टीशी होता, हे प्राणिगृहातील एका जुन्या सेवकाने मला समजावले. तोच मनुष्य कापसाच्या पुंजक्यात उंदीर कसे गोळा होऊन बसतात यावरून, तराजूच्या आधी एक दिवस, कोणता पिंजरा आजारी पडणार हे सांगत असे. त्याचे निरीक्षण वाया जाऊ नये म्हणून आजाराच्या लक्षणांना गुण देण्याचा तक्ता करावा; पण गुण देणाऱ्याला कोणता पिंजरा कोणत्या गटाचा हे कळता कामा नये. आणि एक लक्षात असू द्यावे : इन्फ्लुएन्झाने फेरेटाला ताप चढतो, परंतु गंभीर आजारात उंदराचे अंग थंड पडते. माणसाच्या तापाची तुलना उंदराच्या थंडाव्याशी करण्याचा मोह टाळावा.

उंदराच्या स्वच्छतेचाही प्रश्न आहे. गाळलेली हवा, निर्जंतुक खाद्य, वाफवून घेतलेली शय्या अशा थाटात वाढलेल्या उंदराची प्रतिकारव्यवस्था नवजात अर्भकासारखी असते, हे मिनेसोटातील डेव्हिड मासोपस्ट यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवून दिले. पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेल्या उंदरांबरोबर काही आठवडे एकत्र ठेवताच त्यांच्या पेशी प्रौढ माणसाच्या पेशींसारख्या दिसू लागल्या. याचा अर्थ प्राणिगृहाचे दार उघडे टाकावे असा नव्हे. परंतु बहुतेक माणसांना पूर्वी एकदा तरी इन्फ्लुएन्झा होऊन गेलेला असतो, हे ध्यानी घेऊन काही गटांना आधी एक सौम्य संसर्ग देऊन मग प्रयोग करणे अधिक शहाणपणाचे. वयाचेही तसेच. आठ-दहा आठवड्यांचा उंदीर म्हणजे ऐन तारुण्यातला गडी. हे रोग बळी घेतात ते मुख्यत्वे तान्ह्यांचे आणि वृद्धांचे. दीड वर्षाचे उंदीर महाग पडतात आणि प्रयोग संपण्याआधी काही आपोआपच मरतात, म्हणून अंदाजपत्रकात त्यांची तरतूद आधीच करावी.

आता ज्या प्रकरणाने सर्वांना शहाणे केले त्याकडे वळतो. रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणू तान्ह्या बालकांच्या फुप्फुसांवर घाला घालतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची, तुरटीच्या वर्गातील क्षार मिसळलेली लस बालकांना देण्यात आली. वॉशिंग्टनमधील एका गटात लस घेतलेल्या ३१ बालकांपैकी २० जणांना पुढे नैसर्गिक संसर्ग झाला, त्यांतील १६ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि दोघे दगावले. प्रतिपिंडे तयार झाली होती. पण विषाणूला नीट निकामी करण्यास ती पुरेशी नव्हती, आणि प्रतिकाराचे वळणच विपरीत लागले होते. पुढे हा प्रकार समजून घेण्यासाठी कॉटन रॅट, म्हणजे अमेरिकेतील एक रानटी उंदीर, फार उपयोगी पडला. त्याला ती जुनी लस देऊन मग संसर्ग केला, तर त्याच्या फुप्फुसात तशीच विकृती उमटते. आज या विषाणूवरील कोणत्याही नव्या लशीला ही परीक्षा द्यावी लागते. माझ्या मते लशीच्या प्रत्येक अभ्यासात ‘प्रतिपिंडे किती’ या प्रश्नाआधी ‘लस घेतलेला प्राणी संसर्गानंतर अधिक आजारी तर पडत नाही ना’ हा प्रश्न विचारावा, आणि त्यासाठी प्राणी पुरेसे दिवस जिवंत ठेवावेत. मात्र बाल्ब-सी उंदराच्या फुप्फुसात इओसिनोफिल पेशी वाढल्या म्हणजे त्या बालकांचाच आजार दिसला, असे समीकरण मांडणे घाईचे होईल. ती त्या वंशाची सवयही असू शकते.

कोविडच्या साथीत, २०२० साली, लशीमुळे आजार बळावण्याच्या याच धाकाने सर्वांना ग्रासले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, जी १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, कोव्हॅक्सिनची परीक्षा झाली तेव्हा ती लसही मारलेल्या विषाणूची आणि तशाच क्षाराची होती. म्हणून त्या क्षाराला प्रतिकार पेशीप्रधान वळणाकडे नेणारे एक द्रव्य जोडलेले होते. आधी सीरियन हॅमस्टर आणि मग लाल तोंडाची माकडे, अशा दोन पायऱ्यांनी ती तपासली गेली. टाळेबंदीत माकडे मिळेनात. शेवटी वनखात्याच्या मदतीने नागपूरच्या बाजूला ती पकडावी लागली. वीस माकडे, पाच-पाचांचे चार गट, दोन मात्रा, आणि दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवसांनी नाकावाटे तसेच श्वासनलिकेत सोडलेला विषाणू : असा तो प्रयोग होता. लस न दिलेल्या गटात न्यूमोनिया दिसला, लस दिलेल्यांत दिसला नाही. पाच माकडे ही संख्या लहान आहे, हे मान्यच. परंतु माकडावरच्या प्रयोगात ती मोठी करण्यापेक्षा प्रश्न लहान करणे हेच न्याय्य.

हॅमस्टरच्या पेशींवरील ग्राहक रेणू कोविडच्या विषाणूला चांगला पकडतो, म्हणून तो आजारी पडतो, वजन गमावतो आणि साधारण दोन आठवड्यांत सावरतो. पण त्याच्या पेशी ओळखणारी प्रतिपिंडे दुर्मिळ, म्हणून तेथे जनुकांच्या अभिव्यक्तीवरच बहुधा भिस्त ठेवावी लागते. साध्या उंदराचा ग्राहक मूळ विषाणूला पकडीतच नव्हता. नंतरचे काही उपप्रकार मात्र पकडतात. मधल्या काळात, २००७ साली आयोवा येथे जुन्या सार्ससाठी घडवलेले मानवी ग्राहकाचे उंदीर कामी आले. त्यांच्यात विषाणू मेंदूपर्यंत जातो आणि पुष्कळदा उंदीर मरतो तो मेंदूच्या विकाराने. अशा उंदरांत ‘लशीने मृत्यू टळला’ असे लिहिण्यापूर्वी मेंदू उघडून पाहिला होता काय, हे परीक्षक विचारणारच.

परवानगीच्या दफ्तराविषयी थोडेच सांगतो, कारण तो भाग कंटाळवाणा असला तरी अटळ आहे. प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० सालचा आणि प्रयोगांचे नियम १९९८ सालचे. संस्थेच्या नैतिक समितीत प्राणिवैद्य, बाहेरचा शास्त्रज्ञ आणि शास्त्राबाहेरचा एक सदस्यही असतो. या शेवटच्या सदस्याला आपला अर्ज समजला नाही, तर दोष अर्जाचा मानावा. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली त्रिसूत्री, म्हणजे प्राण्याऐवजी पर्याय, संख्येत काटकसर आणि वेदनेत घट, अर्जात नुसती उद्धृत करू नये. किती टक्के वजन घटल्यावर उंदराला यातनांतून सोडवणार, वीस की पंचवीस, हा आकडा आधीच लिहून द्यावा, आणि रात्री अकरा वाजता तो गाठला तर कोण येणार तेही लिहावे. विषाणूच्या धोक्याप्रमाणे जैवसुरक्षेची इजाजत वेगळी घ्यावी लागते.

राहता राहिला फुप्फुसे काढण्याचा दिवस. या दिवशी हाताखाली निदान दोघे असावेत. रक्तातून वाहत जाणाऱ्या पेशी आणि फुप्फुसात ठाण मांडून बसलेल्या पेशी वेगळ्या ओळखावयाच्या असतील, तर मारण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे शिरेतून रंग लावलेले प्रतिपिंड द्यावे. ज्या पेशी रंगल्या त्या रक्तातल्या. त्यानंतर आधी रक्त घ्यावे, नाहीतर ते फुप्फुसे धुण्याच्या, म्हणजे धावनाच्या, पाण्यात उतरते. उंदराच्या डाव्या फुप्फुसाला एकच खंड असतो आणि उजव्याला चार. डाव्याची नळी दोऱ्याने बांधून तो खंड सूक्ष्मदर्शकासाठी फॉर्मॅलिनमध्ये राखून ठेवावा आणि धावन उजव्या बाजूचेच करावे, कारण धुतलेल्या फुप्फुसाची रचना विस्कटते. विषाणू मोजण्यासाठी वेगळे उंदीर ठेवावेत. छातीच्या मध्यभागातील लसीका ग्रंथी वाटाण्याहूनही लहान असतात आणि चरबीत लपतात. त्या शोधण्याचा सराव निरोगी उंदरावर आधी करून घ्यावा. नळ्यांवरील नावे आदल्या संध्याकाळी, अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहून ठेवावीत.